घरी बियर करताना येणारे वास: नेहमीचे कोणते, बिघाडाचे कोणते आणि घरच्यांचं काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही स्वयंपाकघरात वीसेक लिटरची बॅच करता आणि फर्मेंटर, म्हणजे बियर आंबवायचं भांडं, झोपायच्या खोलीतल्या कपाटात ठेवता. सध्या तिथे गव्हाची बियर आंबते आहे, आज तिसरा दिवस, आणि कपाट उघडलं की सडक्या अंड्याचा वास येतो. तुम्हाला स्वतःला माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) शिजतानाचा वास फार आवडतो. बायको म्हणते, घर दोन दिवस वास मारतं. आईंना तर मळमळतं. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: बॅच बिघडली का, घरच्यांना हळूहळू सवय होईल का, आणि वास घालवायला कोणतं यंत्र घ्यावं.

पहिल्याचं उत्तर बहुतेक 'नाही'. दुसऱ्याचं 'त्या भरवशावर राहू नका'. तिसऱ्याचं 'यंत्राचं शेवटी बघू'. मी बरीच वर्षं घरी बियर करते आहे आणि नवख्यांना शिकवतेही. त्यांच्यातले जे हा नाद सोडतात ते बियर बिघडली म्हणून क्वचितच सोडतात. घरच्यांनी नको म्हटलं, हे कारण बरंच जास्त ऐकू येतं, आणि खोलात गेलं की त्यामागे वास निघतो.

आधी एक गोष्ट बाजूला करू. 'बियरचा वास' नावाचा एक वास नसतो. एका बॅचमध्ये पाच-सहा वेगवेगळे वास येतात, वेगवेगळ्या दिवशी येतात, आणि प्रत्येकाचा उगम आणि उपाय निराळा असतो. घरातलं माणूस मात्र या सगळ्याला मिळून 'तुमचा तो वास' म्हणतं. आमच्याकडे नवऱ्याला हॉप्सचा (बियरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा) घमघमाट चालतो, माल्ट शिजताना मात्र तो दार लावून घेतो. माझ्या एका मैत्रिणीच्या घरी नेमकं उलट आहे. त्यामुळे 'वास येतो' एवढ्या तक्रारीवर उपाय शोधायला बसलात तर भलतंच काहीतरी विकत घ्याल.

आणि घरात किती वास आहे हे ठरवायला सगळ्यात निरुपयोगी नाक तुमचंच आहे. एकाच वासात सलग थांबलं की काही मिनिटांतच नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. तुम्ही चार-पाच तास भांड्यापाशी उभे असता, त्यामुळे दुपारपर्यंत तुम्हाला काहीच जाणवत नाही. बाहेरून येणाऱ्याला मात्र दारातच भपकारा बसतो. 'मला तर काही येत नाही' हे तुमचं म्हणणं अगदी खरं असतं, पण त्यावरून काही सिद्ध होत नाही. बघायचंच असेल तर अर्धा तास बाहेर मोकळ्या हवेत फिरून या आणि आत शिरतानाचा पहिला श्वास काय सांगतो ते बघा. तरीही घरच्यांच्या नाकाला जास्त मान द्या, कारण त्यांना तो वास आवडून घ्यायचं काही कारण नाही.

मी नवख्यांना एक काम सांगते. एक अख्खी बॅच होईपर्यंत फ्रिजवर एक कागद चिकटवा. ज्याला वास खटकेल त्याने वेळ, खोली आणि वास कशासारखा आहे ते आपल्या शब्दांत लिहायचं. चर्चा करायची नाही, नुसतं लिहायचं. आमच्याकडच्या कागदावर नवऱ्याच्या अक्षरात एक ओळ होती: 'रात्री साडेदहा, सिंक, ओला कुत्रा.' उकळीबद्दल अवाक्षर नाही. मी उकळत्या भांड्याच्या वाफेचं काय करावं या विचारात होते, आणि तक्रार होती मोरीत ओतलेल्या यीस्टच्या गाळाबद्दल! सिंकखालच्या वळणदार पाइपात तो गाळ बसतो आणि तिथे आपलं काम चालू ठेवतो. गाळ ओतल्यावर बादलीभर गरम पाणी जोरात सोडलं की हा वास जातो. खर्च शून्य.

आता टप्प्याटप्प्याने बघू.

मॅशपासून सुरुवात करू. भरडलेलं माल्ट ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर मुरतं, तेव्हा तो गोडसर, खरपूस वास सुटतो. माल्ट भट्टीत वाळवताना जे तयार झालेलं असतं ते गरम पाण्यात मोकळं होतं. करणाऱ्यांना हा वास हमखास आवडतो, पण काहींना तो जड आणि चिकट वाटतो, आणि ज्यांना मुळात मळमळण्याचा त्रास आहे त्यांना गोड वाफ सगळ्यात आधी बाधते. तुमच्या आईंचं बहुधा हेच असावं, तरी त्यांना विचारून खात्री करा. उपाय सोपा आहे. मॅशवर झाकण घट्ट लावा आणि वर जाड टॉवेल गुंडाळा. तापमान टिकवायला ते तसंही करायचंच असतं. ढवळायला म्हणून दर पाच मिनिटांनी झाकण उघडायची काहीही गरज नाही. ती हौस असते.

खरी भानगड उकळीची. उघड्या भांड्यात तासभर खळखळ उकळलं की वीस लिटरच्या बॅचमधून साधारण तीन ते चार लिटर पाणी वाफ होऊन जातं. ते जातं कुठे? थंड भिंतींवर, खिडकीच्या काचेवर, पडद्यांत, सोफ्याच्या कापडात, वाळत घातलेल्या कपड्यांत. आणि ती वाफ माल्टचे आणि हॉप्सचे वास सोबत घेऊन जाते. घर 'दोन दिवस' वास मारतं ते म्हणूनच. हवेतला वास तर खिडकी उघडल्यावर तासाभरात जातो. कापडात मुरलेला मात्र हळूहळू सुटत राहतो. म्हणजे उकळीच्या बाबतीत तुम्ही लढताय ते वासाशी कमी आणि ओलीशी जास्त. अगरबत्ती, सुगंधी फवारे यांनी इथे काही साधत नाही, उलट दोन वासांची खिचडी होते आणि तीच जास्त खटकते.

वाफ कमी करण्याचा पहिला मार्ग म्हणजे आचेवर ताबा. पुष्कळ जण भांडं रागाने उकळल्यासारखं उकळतात. पृष्ठभाग हलता राहील, वर्ट (माल्टचं गाळलेलं गोड पाणी) सतत वर-खाली फिरत राहील एवढी उकळी पुरते. झाकण अर्धवट सारून ठेवलं तर मंद आचेवरही उकळी टिकते आणि वाफ कमी जाते. पूर्ण झाकू मात्र नका. फिकट माल्टमध्ये एक गंधकयुक्त पदार्थ असतो, तो उष्णतेने फुटून डायमिथाइल सल्फाइड तयार होतं. बियरमध्ये ते राहिलं तर उकडलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास येतो. ते सदतीस-अडतीस अंशांनाच उडून जाणारं आहे, म्हणून उघड्या उकळीत सहज निघून जातं. झाकण घट्ट असेल तर थेंब होऊन परत भांड्यात पडतं. गडद माल्ट भट्टीत जास्त तापलेलं असतं, त्यात हा प्रश्न कमी. म्हणजे झाकण किती सारायचं हे तुम्ही कोणती बियर करताय त्यावर अवलंबून आहे. अगदी फिकट पिल्सनर माल्ट असेल तर मी जास्त उघडं ठेवते, गडद बियरला निम्म्याहून जास्त झाकते.

हॉप्सबद्दल एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. उकळीच्या सुरुवातीला कडवटपणासाठी जे हॉप्स टाकतो त्यांचं सुगंधी तेल तासाभरात जवळजवळ सगळं वाफेबरोबर निघून जातं. स्वयंपाकघरात जो दरवळ आला तो ग्लासात येणार नाही, इतका साधा हिशोब. मग सुरुवातीला तेल उधळायचंच कशाला? कडवटपणासाठी जास्त अल्फा आम्ल (हॉप्समधला कडवटपणा देणारा घटक) असलेली जात घ्या. ४ टक्के अल्फावाल्या हॉप्सच्या जागी १२ टक्केवाले घेतले तर वजनाने एक तृतीयांशच लागतात, आणि घरभर पसरणारं तेल बहुतेक वेळा कमी होतं. सुगंधाचे हॉप्स गॅस बंद करून, वर्ट ८० अंशांच्या आसपास उतरल्यावर टाका आणि झाकण लावा. उकळी थांबलेली असल्याने आता झाकायला फारशी हरकत नाही. घरात वास कमी, बियरमध्ये जास्त. घरच्यांचं आणि बियरचं भलं एकाच गोष्टीत असण्याचे प्रसंग थोडे, त्यातला हा एक.

हॉप्स जुने असतील तर वेगळीच तऱ्हा. उघड्या पाकिटात, उबेत राहिलेल्या हॉप्समध्ये आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार होतं आणि त्याला घामट मोज्यांचा किंवा जुन्या चीजचा वास येतो. ते भांड्यात पडले की सगळं घर विचारतं, हे काय शिजतंय. हवाबंद पाकिटात, फ्रीझरमध्ये ठेवा. वास घेऊन पाहिल्याशिवाय भांड्यात घालू नका.

हवेच्या बाबतीत चुकीची समजूत अशी की सगळ्या खिडक्या सताड उघडल्या की झालं. वारा उलट्या दिशेने असला तर तो स्वयंपाकघरातली वाफ थेट झोपायच्या खोल्यांत ढकलतो. हवेला एकच वाट द्या. स्वयंपाकघरातला पंखा हवा बाहेर फेकणारा असावा, त्याच्या समोरच्या बाजूची एक खिडकी बोटभर उघडी, आणि बाकी खोल्यांची दारं बंद. मग घरातली हवा स्वयंपाकघराकडे येते, तिथून बाहेर पडते. शेगडीवरची चिमणी जाळीतून हवा फिरवून परत खोलीत सोडणाऱ्या प्रकारची असेल तर वाफेसाठी तिचा उपयोग नाही. पंखा उकळी सुरू व्हायच्या आधी लावा, आणि गॅस बंद केल्यावरही अर्धा-पाऊण तास चालू ठेवा. थंड होणारं भांडं बराच वेळ वाफाळत असतं. वाळत घातलेले कपडे त्या दिवशी आतून हलवा. एवढं केलं तरी 'दोन दिवस'चे काही तास होतात, हा माझा अनुभव.

सोयीचं पडत असेल तर उकळी घराबाहेर न्या. गच्ची, अंगण, मोकळी गॅलरी, जे असेल ते. उलट, बाहेर वापरायची मोठी गॅसची भट्टी कधीही घरात पेटवू नका, खिडकी उघडी असली तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याने माणूस मरतो.

एक छोटी पण चिवट गोष्ट राहिली: उतू जाणं. पहिली उकळी येताना आणि पहिले हॉप्स पडताना फेस एकदम वर चढतो. शेगडीवर सांडलेला वर्ट म्हणजे साखरेचा पाक. तो बर्नरखाली जळतो आणि पुढे कधीही शेगडी पेटवली की करपट वास देत राहतो. लोकांना वाटतं बियरचा वास जात नाहीये, आणि तो असतो शेगडीच्या ताटलीखालच्या काळ्या डागाचा. त्या दहा मिनिटांत भांड्यापासून हलू नका, आणि सांडलंच तर शेगडी थंड झाल्यावर लगेच, त्याच दिवशी पुसा.

चोथा. पाच किलो माल्ट घेतलं तर गाळून उरलेला ओला चोथा सहा-सात किलो भरतो. गरम, ओला, किंचित गोड. जिवाणूंना याहून काय हवं? पहिल्या दिवशी तो आंबूस होतो, दुसऱ्या दिवशीपासून त्यात ओकारीसारखा उग्र दर्प येऊ लागतो. नियम एकच: चोथा घरात रात्रभर ठेवायचा नाही. खतात घालायचा तर कोरडा पालापाचोळा भरपूर मिसळून, नाहीतर तो तिथे गोळा होऊन कुजतो. लगेच हलवता येत नसेल तर पिशव्या भरून फ्रीझरमध्ये टाका. आणि उकळीतला हॉप्सचा गाळ या चोथ्यात मिसळू नका, विशेषतः घरात किंवा शेजारी कुत्रा असेल तर. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात, त्यांचं अंग जीवघेणं तापतं.

आता तुमच्या कपाटाकडे येऊ. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. आंबताना यीस्ट गंधकाची देवाणघेवाण करतं, त्यात थोडा हा वायू सुटतो. लागर (थंड तापमानात आंबवायची बियर) यीस्ट आणि गव्हाच्या बियरची यीस्ट यात पुढे. फळांच्या रसाची सायडर करणाऱ्यांनाही हा वास ओळखीचा असतो, कारण त्या रसात यीस्टला लागणारं नत्र कमी पडतं. माणसाचं नाक या वायूच्या बाबतीत विलक्षण तिखट आहे. हवेच्या अब्ज भागांत त्याचे मोजके भाग असले तरी आपल्याला कळतं. त्यामुळे वास भयंकर वाटतो, पण वायू अगदी थोडा असतो. जोराची फसफस चालू असताना कार्बन डायऑक्साइड त्याला बाहेर ओढून नेतो आणि बहुतेक वेळा आंबणं संपेपर्यंत तो संपलेला असतो. तिसऱ्या दिवशी येणं अगदी वेळेवर आहे. पुढच्या दोन-तीन दिवसांत पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास डोकं वर काढेल. गव्हाच्या बियरच्या यीस्टकडून तीच अपेक्षा असते.

काळजी कधी करायची? आंबणं शांत झाल्यावर आठवडे गेले आणि व्हिनेगरसारखा झोंबणारा वास येतोय, तर हवा आणि ॲसिटिक जिवाणू आत शिरलेत. दवाखान्यातल्या पट्टीसारखा औषधी वास आला तर बहुधा पाण्यातलं क्लोरीन किंवा जंगली यीस्ट. लोण्याचा वास आला तर घाई झाली. आणखी काही दिवस यीस्टवर राहू द्या, बहुतेक वेळा ते स्वतःच निस्तरतं. सोया सॉससारखा, मांसाच्या रश्शासारखा वास म्हणजे यीस्ट मरून विरघळू लागलंय.

कपाटाला माझा विरोध आहे, पण वेगळ्या कारणाने. १.०५० घनतेच्या (पाण्याची घनता १ धरून) वीस लिटर वर्टमधून आंबताना जवळजवळ ४०० लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि त्यातला बराचसा पहिल्या काही दिवसांत. हवा खेळती असलेल्या मोठ्या खोलीत त्याने बिघडत नाही. बंद कपाटात, लहान खोलीत, रात्री दारं-खिडक्या लावून माणसं झोपलेली असताना एवढा वायू जमू देणं मला पटत नाही. हा हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो, आणि त्याला वास नसल्याने नाक तुम्हाला सावध करत नाही. (फर्मेंटरचं झाकण उघडून लगेच आत नाक घातलं तर जी सणसणीत झिणझिणी येते ती याचीच. पण तेवढी झिणझिणी यायला तो फार दाट असावा लागतो.) शिवाय कपाटातले लोकरीचे कपडे गंधक आणि यीस्ट दोन्ही पिऊन घेतात, आणि बायको ते अंगावर घालून बाहेर जाते. तिची तक्रार मला रास्त वाटते.

आता सवयीचा प्रश्न. इथे मला एक जुना अभ्यास आठवतो. १९९६ मध्ये वासावर संशोधन करणाऱ्या पामेला डाल्टन यांनी लोकांना एका खोलीत वीस मिनिटं एकच वास दिला. काहींना सांगितलं हा नैसर्गिक अर्क आहे, काहींना सांगितलं हे घातक असू शकतं. पहिल्यांना तो नेहमीप्रमाणे हळूहळू कमी जाणवू लागला. दुसऱ्यांना तो वाढत गेल्यासारखा वाटला. वास तोच, प्रमाण तेच. घरात याचा अर्थ असा की ज्याला या वासाबद्दल शंका आहे, हे काहीतरी नासलंय, अंगाला बाधेल, पाहुणे काय म्हणतील, त्याला सवय होत नाही, उलट दर बॅचला तो जास्त टोचतो. 'होईल सवय' म्हणून गप्प बसणं हा म्हणूनच सगळ्यात वाईट उपाय.

वासाला नाव काय मिळतं यानेही फरक पडतो. २००१ मध्ये रेचल हर्झ आणि जुलिया फॉन क्लेफ यांनी तोच एक वास लोकांना एकदा चीज म्हणून आणि एकदा ओकारी म्हणून हुंगायला दिला; पसंती साफ पालटली. तेव्हा घरच्यांना आधी सांगा. 'उद्या सकाळी माल्ट शिजेल, दुपारी हॉप्सचा कडवट वास येईल, सोमवारी-मंगळवारी कपाटाजवळ अंड्यासारखं वाटेल, ते नासल्याचं लक्षण नाही.' हे चार वाक्यांचं काम आहे. तुम्हाला वाटतं तितकं ते अवघड नाही, आणि फरक मोठा पडतो. पण यालाही मर्यादा आहे. सांगितल्याने भीती जाते, नावड जाईलच असं नाही. माझ्या नवऱ्याला माल्टचं रसायन मी पुरेपूर समजावलंय. तो मान डोलावतो आणि दार लावून घेतो. मग आम्ही दिवस ठरवले. तो बाहेर असतो त्या दिवशी मॅश, आणि तो येईपर्यंत भांडी घासून चोथा बाहेर. तारीख ठरवण्यात त्याचा हात असल्यावर तोच माणूस उरलेला वास चालवून घेतो. ज्या घरात तारीख एकटाच ठरवतो तिथे मंद वासावरूनही भांडण होतं.

काही जणांपुढे मात्र वाटाघाटी करूच नयेत. अर्धशिशीचा त्रास असलेल्यांना तीव्र वासाने झटका येऊ शकतो. गरोदरपणात वास असह्य होतात. आजारपणानंतर कुणाचं नाक बदललेलं असतं, साधे वासही किळसवाणे लागतात. आणि दारू सोडलेलं किंवा सोडू पाहणारं माणूस घरात असेल, तर आंबत्या बियरचा वास त्याच्यासाठी काय असतो हे त्याच्याशिवाय कुणी ठरवू नये. अशा घरात मी बियर करणार नाही. बाहेरची खोली किंवा मित्राचं गॅरेज मिळालं तर ठीक.

यंत्रांचं आता सांगते. वाफ थंड करून पाणी करणारं झाकण मिळतं: भांड्यावर बंद झाकण, बाजूच्या नळीत पाण्याचा बारीक फवारा, आणि वाफ पाणी होऊन मोरीत जाते. उत्तम चालतं, डायमिथाइल सल्फाइडही त्याच वाटेने बाहेर जातं. पण तासभर पाणी वाहत राहतं आणि विजेच्या शेगडीवर, मंद उकळीवरच ते खऱ्या अर्थाने जमतं. बाहेर हवा फेकायची सोय मुळीच नसेल तर हाच खर्च सार्थकी लागतो. सक्रिय कोळशाची गाळणी आंबण्याच्या वासासाठी विकतात. हॉप्स-फळांचे वास ती बऱ्यापैकी धरते, अंड्याच्या वासाला साधा कोळसा तितका पुरत नाही. त्यापेक्षा एक लांब नळी स्वस्त आणि खात्रीची. आंबवण्यासाठी जुना फ्रिज वापरणार असाल तर त्यात जेवणाचं काही ठेवू नका, विशेषतः लोणी; स्निग्ध पदार्थ वास ओढून घेतात.

तर आज संध्याकाळी करायचं काम. फर्मेंटर कपाटातून काढून, सावकाश, न हिंदकळवता, कुणी झोपत नाही अशा आणि तापमान स्थिर असलेल्या जागी न्या. एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी पण हवा आत येऊ न देणारी झडप) काढून त्या जागी नळी बसवा आणि दुसरं टोक खिडकीबाहेर, निर्जंतुक पाण्याच्या बरणीत बुडवून ठेवा. बरणी अर्धीच भरा. रात्री गारवा पडला की आतला वायू आकसतो आणि बरणीतलं पाणी नळीतून मागे ओढलं जातं, म्हणून पाणी थोडं आणि नळी लांब असू द्या. फर्मेंटरच्या मागच्या भिंतीवर फेसाचे शिंतोडे उडाले असतील, ते पुसा. सुकलेलं यीस्ट दिसत नाही पण वास देतं. कपाट उघडं टाका, आतले कपडे उन्हात घाला, आणि धुवायचे कोणते ते बायकोला ठरवू द्या. आईंना विचारा, नक्की कोणत्या वेळी मळमळतं. उत्तर 'सकाळी' आलं तर मॅश, 'दुपारी' आलं तर उकळी, आणि पुढची बॅच त्याप्रमाणे मांडा. बियरला हात लावू नका. दोन आठवड्यांनी बाटल्या भरण्याआधी वास घेऊन बघा, शक्यतो बायकोला घ्यायला सांगा. अंड्याचा मागमूस उरला असेल तर भरू नका, आणखी आठवडाभर थांबा; एकदा बूच बसलं की त्या वायूला बाहेर जायला वाट राहत नाही.